खालचा दोरा: दादाच्या मेंदूच्या दुखापतीनंतरची पावणेतीन वर्षं

आमच्या दुकानात आतल्या खुंटीला एका शर्टाचे कापलेले तुकडे टांगलेत. निळ्या बुट्ट्यांचं छापील कापड. पाठ, बाह्या, कॉलर, कफ, सगळं मापात. फक्त दोन्ही फ्रंट डाव्या बाजूचे आहेत. कापड जरा कमी होतं म्हणून दादानं घडी न घालता एकेरीच अंथरलं, एक फ्रंट कापला आणि दुसऱ्या वेळी कागदी पॅटर्न उलटा करायचा राहून गेला. साधं पॉपलीन असतं तर एक फ्रंट उलटा करून भागलं असतं. छापील कापडाला ती सोय नाही. २२ वर्षं कात्री चालवलेल्या माणसाची ही चूक.

गिऱ्हाइकाला कापडाचे पैसे भरून दिले. तुकडे मी बोचक्यात टाकणार होतो, वहिनींनी हातातून काढून घेतले. म्हणाल्या, “राहू द्या, भाऊजी. तुमच्या त्या फाईलमध्ये नाही ते यात दिसतंय.”

फाईल म्हणजे माझं खातं. मी पुण्यात एका कारखान्यात हिशोब बघतो, कागद जपायची सवय आहे. दादाच्या अपघातापासूनची बिलं, सीटीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, पोलिसांचे कागद असं सगळं तारखेनं लावलेलं आहे. पण वहिनी म्हणतात ते खरं. डिस्चार्ज कार्डावर शेवटी ‘प्रकृती स्थिर’ एवढंच लिहिलंय आणि आमची खरी गोष्ट त्या ओळीच्या पुढे सुरू होते. म्हणून हे प्रकरण लिहिताना फाईल थोडी आणि वहिनींची वही जास्त वापरलीय.

घर

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्टँडपासून दोन गल्ल्या आत जेंट्स टेलरचं दुकान, मागं तीन खोल्या. दादा तेव्हा ४१ वर्षांचा, वहिनी ३६ च्या, पुतणी ९ वर्षांची, तिसरीत. आई ६८ ची. आप्पा २०१९ मध्ये गेले. दुकानात दादा कटिंग आणि शर्ट-पँट बघायचा, वहिनी काज-बटण, फॉल-पिको आणि ब्लाऊज. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची गर्दी, मग दिवाळी, मग लग्नसराई. दादा बोलका, गिऱ्हाइकाची चेष्टा करणारा, कामात मात्र घाई न करणारा. “कात्री लागली की कापड परत जुळत न्हाय,” हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पहिले ५२ दिवस

फेब्रुवारी २०२३, रात्री साडेनऊ. लग्नाचे कपडे पोचवून परत येताना सर्व्हिस रोडवर मागून पिकअपनं उडवलं. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं. कुणा अनोळखी माणसानं १०८ ला फोन केला, त्याचं नाव आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. कराडच्या रुग्णालयात नेलं तेव्हाच्या कागदावर ‘ई१ व्ही२ एम३’ असं लिहिलंय. ग्लासगो कोमा स्केल म्हणतात ते हे. १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट या ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी ही पद्धत बसवली: डोळे उघडतो का, बोलतो का, हालचाल काय करतो, याचे गुण द्यायचे. जास्तीत जास्त १५, कमीत कमी ३. आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. दादाला सहा मिळाले होते.

डाव्या बाजूला कपाळामागे आणि कानाजवळ मेंदूला मार, वर रक्ताची गुठळी. रात्री एक वाजता वहिनींनी सही केली. कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून ठेवला, सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून, आणि तो तुकडा पोटाच्या कातडीखाली शिवून जपला. हे आईला सांगायचं आम्ही सगळेच विसरलो. घरी आल्यावर अंग पुसताना तिच्या हाताला लागलं. “ह्याच्या पोटात काय कडक लागतंय रे?” दादाच्याच कपाळाचं हाड पोटात ठेवलंय, हे ६८ वर्षांच्या बाईला कसं सांगायचं? सांगितलं. ती बराच वेळ हात तसाच ठेवून बसली.

व्हेंटिलेटर, मग गळ्याला छिद्र पाडून नळी, नाकातून अन्न द्यायची रायल्स ट्यूब. सोळाव्या दिवशी दादानं डोळे उघडले. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. डॉक्टर म्हणाले, थांबा, डोळे उघडणं म्हणजे जागं होणं नव्हे. ते डोळे आमच्याकडे बघत नव्हते, आमच्या दिशेला होते. पुढचे अठरा दिवस तसेच. याच काळात अमँटाडिन नावाची गोळी सुरू झाली. मी घरी जाऊन वाचलं तर २०१२ मध्ये १८४ रुग्णांवर तिची चाचणी झालेली. चार आठवडे गोळी चालू असताना सुधारण्याचा वेग जास्त होता, थांबवल्यावर तो मंदावला. गोळी दादाला जागं करेल या आशेवर मी बसलो होतो. ती फार तर चाल थोडी वाढवते, हे समजायला मला तो लेख तीनदा वाचावा लागला.

चौतिसाव्या दिवशी सिस्टरनं “दोन बोटं दाखवा” म्हटल्यावर त्यानं दाखवली. त्याआधी काही दिवस तो चादरीची कड अंगठा आणि तर्जनीत धरून सरकवत राहायचा. वहिनी म्हणाल्या, शिलाई बघतायत. सिस्टर म्हणाल्या, असं चादर चाळवणं पुष्कळ पेशंट करतात. मला सिस्टरचं पटलं होतं, अजूनही पटतं. पण वहिनी त्या दिवसापासून रोज एक कापडाचा तुकडा पर्समधून न्यायला लागल्या, आणि तो धरला की दादाचा हात नळीकडे जात नसे. कारण काहीही असो, उपयोग झाला.

मग दादा उठला तो शिव्या देतच. आईला, वहिनींना, सलाईन लावणाऱ्या पोराला. ज्या तोंडातून कधी ‘गाढवा’च्या पुढे शब्द गेला नव्हता, त्यातून असलं काही यायचं की आई पदर कानावर घ्यायची. हाताला जाड मोजे घालून बांधावं लागलं. लॉस एंजेलिसजवळच्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयानं मेंदूच्या दुखापतीनंतरच्या सुधारणेच्या आठ पायऱ्या मांडल्या आहेत. त्यात चौथी पायरी हीच: गोंधळलेला आणि चवताळलेला. डॉक्टरांनी सांगितलं, ही वर चढायची पायरी आहे. ऐकायला बरं वाटलं, पण रात्री दोनला त्याचा हात धरून बसलेल्या माणसाला पायरी दिसत नाही.

इथं आमची पहिली मोठी चूक झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण दादाची परीक्षा घ्यायचा. “मला ओळखलंस का? सांग बघू मी कोण? आज वार कुठला?” मीही घ्यायचो. उत्तर आलं नाही की त्याच्याआधी आमचा चेहरा पडायचा आणि तो पडलेला चेहरा त्याला बरोबर वाचता यायचा, मग चिडायचा. वहिनींनी दारावर कागद चिकटवला: ‘आत आल्यावर आपलं नाव आणि नातं स्वतः सांगावं. प्रश्न विचारू नयेत. एका वेळी एक जण. दहा मिनिटं.’ मावशी रुसल्या. दोन दिवसांत दादाची चिडचिड निम्म्यावर आली.

दुसरी चूक आप्पांबद्दलची. दादा रोज विचारायचा, “आप्पा आले न्हाईत?” आम्ही खरं सांगायचो, आणि तो रोज नव्यानं रडायचा, कारण कालचं आज उरतच नव्हतं. चार दिवस हे झाल्यावर आई पुढे झाली. म्हणाली, “आप्पांची आठवण येते व्हय? काय करायचे आप्पा दुपारचं?” तो विहिरीवरचं काहीतरी सांगत बसला आणि शांत झाला. खोटं बोललो नाही आणि घावही घातला नाही. हे शहाणपण तिला कुणी शिकवलं नव्हतं.

अपघातापासून रोजचं रोज ध्यानात राहायला लागेपर्यंत जो काळ जातो, त्यावरून दुखापत किती खोल आहे याचा अंदाज बांधतात. चार आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर अतिगंभीर. दादाचा तो काळ नऊ आठवड्यांच्या आसपास भरतो. मधल्या काळात तो बिनदिक्कत सांगायचा, की सकाळीच हायस्कुलाचे चाळीस गणवेश पोचते केले. खोटं नव्हे ते. मेंदू रिकामी जागा हाताला लागेल त्यानं भरून काढतो.

पैशाचं थोडक्यात. केशरी रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशनचा भार बराच उतरला. तेव्हा कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखाची मर्यादा होती. बाकी वहिनींचं डोरलं आणि माझं कर्ज. ५२ व्या दिवशी घरी आलो. फिजिओ, डायपर, हवेची गादी, प्रवास हे सगळं त्यानंतर सुरू झालं आणि त्याला योजनेचा उपयोग नव्हता.

“बरा झाला”

शरीर भराभर सुधारलं. मे महिन्यात धरून चालू लागला, जूनमध्ये एकटा. डोक्याचा डावा भाग खोलगट होता, पडला तर थेट मेंदूला मार, म्हणून घरात चालताना हेल्मेट सक्तीचं. अपघाताच्या रात्री आरशाला अडकवलेलं तेच हेल्मेट तो आता संडासला जाताना घालायचा. जुलैमध्ये पोटातलं हाड परत जागेवर बसवलं. सप्टेंबरात एकदा फिट आली. गोळ्यांच्या दोन वेळा चुकल्या होत्या. त्यानंतर वहिनींनी गोळ्यांची जबाबदारी पुतणीच्या रंगीत डब्यांवर दिली, सोमवार ते रविवार, आणि गाडीची किल्ली माझ्याकडे पुण्याला.

वास गेला होता हे आम्हाला आठ महिन्यांनी कळलं, तेही इस्त्रीखाली टेरिकॉटची पँट जळून धूर निघेपर्यंत तो शेजारी बसून होता म्हणून. डोक्याला मार लागल्यावर वासाच्या बारीक नसा तुटू शकतात, आणि हे कुणी विचारल्याशिवाय समजत नाही. तेव्हापासून गॅसचा रेग्युलेटर रोज रात्री वहिनी बंद करतात.

गाव म्हणायला लागलं, बरा झाला की! चालतो, बोलतो, रामराम करतो, चहा पितो. आई पालीच्या खंडोबाला जाऊन नवस फेडून आली. आणि दादा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसून राहिला. नुसता बसून.

“दादा, आंघोळ कर.” “करतो की.” अर्ध्या तासानं तिथंच. “अहो, मशिनवर बसता ना?” “बसतो की.” दुपार व्हायची. चिडायचा नाही, नाही म्हणायचा नाही, कंटाळा आलाय असंही म्हणायचा नाही. ताट समोर ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. एकदा वहिनी माहेरी अडकल्या, आई झोपलेली, तर दादा सकाळपासून चारपर्यंत उपाशी, आणि स्वयंपाकघरात भाकरी झाकलेली.

दिवाळीला मी पुण्याहून आलो. लक्ष्मीपूजनाची तयारी चाललेली, वहिनी एकटीनं आठ गिऱ्हाइकांचे कपडे उरकतायत, आणि हा दारात. मी तोंड सोडलं. बायकोच्या जिवावर बसून खातोस, हात-पाय धड आहेत, लाज वाटत नाही का, असं बरंच. पुतणी ऐकत होती. दादानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “खरं हाय तुझं. आता उठतोच.” आणि उठला नाही.

त्याचं ते “खरं हाय तुझं” माझ्या डोक्यातून गेलं नाही. आळशी माणूस कारणं सांगतो. याच्याकडे कारणसुद्धा नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये मिरजेच्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या, बाईंकडे गेलो. त्यांनी दादाला तासभर तपासलं, चहा करायला लावला, पत्त्यांची वर्गवारी करायला लावली. नंतर आम्हाला म्हणाल्या की कपाळामागचा भाग काम ठरवतो, क्रम लावतो आणि सुरुवात करतो. हातांना शिवता येतं, ती विद्या मेंदूत दुसरीकडे, खोल साठवलेली असते आणि ती बहुतेक शाबूत आहे. सुरुवात करून देणारा भाग दुखावलाय. दादा मध्येच म्हणाला, “म्हंजे माझी गाडी धक्का स्टार्ट झालीय.” बाई हसल्या. मला मात्र दिवाळी आठवली.

दप्तराचा पट्टा

बाईंनी धक्का कसा द्यायचा याचे बरेच मार्ग सांगितले, पण आम्हाला खरी किल्ली सापडली ती पुतणीमुळे, तीही चुकून.

फेब्रुवारीतली सकाळ. वहिनींनी आठ वाजता हाक मारली, मग साडेआठला, मग पावणेनऊला. तीच उत्तरं. तेवढ्यात पुतणीच्या दप्तराचा पट्टा उसवला. शाळेची वेळ झालेली. तिनं काही न बोलता दप्तर दादाच्या मांडीवर ठेवलं, उसवलेली बाजू वर करून, आणि पट्टा त्याच्या हातात दिला. दादानं पट्टा उलटा-सुलटा केला. टोक दोन बोटांत धरून ताणून बघितलं. उठला, मशिनपाशी गेला, स्टूल पायानं ओढलं, जाड सुई लावली, पट्ट्यावर चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारली, दातानं दोरा तोडला, दप्तर तिच्या पाठीला अडकवलं. चार-पाच मिनिटं. आणि परत येऊन खुर्चीत बसला.

वहिनी दारात उभ्या होत्या, हातात लाटणं. नंतर मला फोनवर म्हणाल्या, “मी वर्षभर बोलत राहिले, भाऊजी. पोरीनं नुसतं हातात दिलं.”

बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी उलगडून सांगितलं. ‘मशिनवर बसा’ या दोन शब्दांत खरं म्हणजे वीस कामं दडलेली असतात: कुठला कपडा, कुठला दोरा, आधी काय, मग काय. ती सगळी त्याला डोक्यात स्वतः उभी करावी लागतात, आणि तिथंच गाडी अडते. उसवलेला पट्टा हातात आला की निम्मं काम त्या पट्ट्यानंच सांगून टाकलेलं असतं.

त्यानंतर घराची मांडणी बदलली. रात्री झोपताना वहिनी दुसऱ्या दिवशीचे कापलेले तुकडे क्रमानं बांधून मशिनच्या डाव्या हाताला ठेवतात. पहिला तुकडा थेट फुटाखाली, म्हणजे मशिनच्या कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, सुई खाली रुतवलेली. मशिनवरचा दिवा चालू. सकाळी आठला मोबाईलचा अलार्म वाजतो, तो पुतणीच्या आवाजात रेकॉर्ड केलेला: “पप्पा, मशिन.” हा आवाज वहिनींचा का नाही? कारण दिवसातून चाळीस वेळा त्यांनीच उठवायचं म्हटलं की नवरा-बायको राहत नाहीत, मास्तर आणि उनाड पोर होतात. ही सूचना बाईंची, आणि माझ्या मते त्यांनी दिलेल्या सगळ्या सूचनांत हीच सर्वांत मोलाची होती.

आंघोळीचंही तसंच. ‘आंघोळ करा’ बंद. बादली भरायची, टॉवेल खांद्यावर टाकायचा. जेवणाचं ताट नजरेसमोर, झाकण काचेचं.

सुरुवातीला २० मिनिटं शिवलं की दादा घामेजून जायचा. मेंदूचा हा थकवा झोपेनं भरून निघणारा नसतो, थकण्याच्या आधी थांबावं लागतं. २० मिनिटं काम, १५ मिनिटं डोळे मिटून आडवं. रेडिओ बंद, गिऱ्हाईक आलं की वहिनी पुढे. सहा महिन्यांत ४० मिनिटांवर आला, दिवसातून चार वेळा. तिथून पुढे आजपर्यंत फारसा सरकलेला नाही.

कटिंग आम्ही फार लवकर हातात दिलं, त्याचा पुरावा खुंटीला आहे. एप्रिल २०२४. शिवणं इतकं सफाईचं होतं की कापताही येईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण शिलाई चुकली तर उसवता येते, कापताना आधी सगळा शर्ट डोक्यात उभा करावा लागतो. आता वहिनी कापतात, दादा शिवतो. पॅटर्नवर मोठ्या अक्षरांत ‘उ’ आणि ‘डा’ लिहिलंय, खडूनं प्रत्येक तुकड्यावरही. चुकून शिकू द्यावं हे पोरांना ठीक. इथं झालेली चूकच लक्षात बसण्याचा धोका असतो, म्हणून चूक होण्याआधी हात धरायचा.

कागदावरचा माणूस

मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायचा होता. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली होती. ही गोष्ट आम्हाला पाचव्या महिन्यात वकिलांकडून कळली, ऑगस्टमध्ये शेवटच्या आठवड्यात कसाबसा दाखल केला. घरात कुणी आयसीयूत असताना मुदत मोजायचं सुचत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

दादा साक्षीला चालत गेला, नाव सांगितलं, वय सांगितलं, धंदा सांगितला. समोरचे वकील म्हणाले, हे तर ठणठणीत आहेत. त्यांचं तरी काय चुकलं? दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत दादा ठणठणीतच दिसतो, कारण प्रश्न विचारणारा समोर असतो, आणि प्रश्न हाही धक्काच. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचीही तीच तऱ्हा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूची दुखापत अशी वेगळी ओळ नाही. उजव्या हाताच्या कमजोरीवर थोडं, बोलताना शब्द अडकतात त्यावर थोडं, अशी मोजणी होते. शेवटी न्यूरोसायकॉलॉजीच्या सविस्तर चाचण्यांचा अहवाल जोडला आणि त्यासोबत वहिनींच्या वहीच्या सत्तर पानांच्या झेरॉक्स. दाव्याचा निकाल अजून लागायचाय.

वहीची कल्पना माझी, भरण्याचं काम वहिनींचं. पानाला चार रकाने: हाक, वस्तू, अलार्म, स्वतः. दिवसात दादानं जे काम केलं ते कशामुळे सुरू झालं, तिथं खूण. पहिल्या पानांवर सगळ्या खुणा ‘हाक’खाली आणि बहुतेकांवर काट. मग ‘वस्तू’ भरत जातो, मग ‘अलार्म’. ‘स्वतः’ या रकान्यात पाणी पिणं, लघवीला जाणं सोडलं तर पानंच्या पानं कोरी.

वहिनी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वहिनींना म्हणायच्या, नशीब थोर बाई, कुंकू वाचलं. वहिनी वाण घ्यायच्या, हसायच्या. एकदा मला भांडी विसळता विसळता म्हणाल्या, “कुंकू वाचलं खरं. माणूस कुठं आहे ते बघतेय अजून.” मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्या म्हणाल्या, “गेलेल्या माणसासाठी रडता येतं, भाऊजी. हे समोर बसलेत. कुणापुढं रडू?”

मी याला उत्तर शोधलं नाही. महिन्यातला एक शनिवार-रविवार येऊन दादापाशी राहायचं ठरवलं, आणि त्या दोन दिवसांत वहिनींनी घरात असूच नये असा नियम केला. पहिल्या वेळी त्या माहेरी जाऊन नुसत्या झोपल्या. दुसऱ्या वेळी पंढरपूरला गेल्या, मैत्रिणीबरोबर. आईला हे रुचलं नव्हतं. “नवऱ्याला असा टाकून?” मी तिला म्हटलं, तू आठ दिवस रात्रीची उठून बघ. ती उठली, चार रात्री. पाचव्या दिवसापासून वहिनींची पिशवी आईच भरून द्यायला लागली.

पुतणीबद्दल मला जास्त काळजी वाटते. बापाला चालू करायची किल्ली आपल्याकडे आहे हे दहाव्या वर्षी कळलेलं पोर. ती शाळेच्या सहलीला जायला तयार नव्हती. अलार्ममध्ये तुझा आवाज आहेच की, असं सांगून पाठवली.

वसुबारस, २०२५

अपघातानंतरची तिसरी दिवाळी. मी मागच्या खोलीत झोपलो होतो. बाहेर अजून अंधार. दुकानातून मशिनचा आवाज आला. आधी सावकाश, मग लांब टाका घेतल्यासारखा एकसुरी. मला वाटलं वहिनी उठल्या. मान वळवली तर वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, केस मोकळे, माझ्याकडेच बघत होत्या. मोबाईलमध्ये पाच वाजून चाळीस मिनिटं. अलार्मला अजून दोन तास वीस मिनिटं होती. आदल्या रात्री फराळाच्या गडबडीत फुटाखाली तुकडा लावायचा राहून गेलेला. दिवासुद्धा बंद होता.

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. पंधरा मिनिटं असतील. मध्ये आवाज थांबला की वहिनींचा हात चौकटीवर घट्ट व्हायचा, पुन्हा सुरू झाला की सैल. मग त्या आत गेल्या, डब्यामागून वही काढली, पेन्सिल सापडेना म्हणून काजळाच्या काडीनं चौथ्या रकान्यात खूण केली.

उजाडल्यावर दुकानात गेलो. दादानं दिवा लावून घेतला होता, पायजम्याच्या दोन्ही पायांच्या आतल्या शिलाया मारून पूर्ण, कापड नीट घडी करून ठेवलेलं. मी उचललं तर पायजमा दोन तुकड्यांत हातात आला. वर नुसती सुईची भोकं आणि सुटलेला दोरा. खालच्या दोऱ्याची बॉबिन रिकामी होती. सगळा वेळ खालच्या दोऱ्याशिवायच मशिन चालली होती.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. रडताहेत म्हणून मी वळलो तर हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत.

“काय झालं?” दादा म्हणाला.

पुतणी डोळे चोळत आली, पायजमा बघितला, खणातून भरलेली बॉबिन काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

“खालचा दोरा संपलाय, पप्पा.”

“आयला,” दादा म्हणाला, आणि स्टूल पुढं ओढलं.